पलीकडच्या गावचा कफगीर

रमजानच्या आधीचा शाबानचा महिना लागला की आमच्याकडे घरांची झाडलोट सुरू होते. यंदा माळा आवरताना जुन्या चटयांच्या वळकटीमागे लांब दांड्याचा एक लोखंडी कफगीर हाताला लागला. त्याचे पाते गंजून तांबूस झाले होते आणि दांडा इतका लांब होता की खाली घेताना तो भिंतीला घासला व पांढऱ्या रंगावर तपकिरी ओरखडा उमटला. घरच्या स्वयंपाकात असा कफगीर कोणी वापरत नाही. मणभर तांदळाची देग चुलाणावर चढली म्हणजे तळाचा मसाला वर आणायला तो लागतो. ओल्या फडक्याने दांडा पुसला तेव्हा टोकाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसली. एका गावाचे आद्याक्षर, पुढे ‘जमात’ आणि त्यापुढे तेराचा आकडा. ते गाव आमचे नव्हते. माझ्या माहेरचेही नव्हते. खाडीपलीकडे पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या एका गावच्या जमातीची, म्हणजे तिथल्या मुसलमानांच्या गावसंस्थेची, ती वस्तू होती आणि साडेचार वर्षे ती माझ्या माळ्यावर पडून होती.

दुसऱ्याची वस्तू इतकी वर्षे आपल्या छपराखाली राहिली याची लाज वाटलीच. परंतु त्याहून अधिक एक गोष्ट मनाला लागून राहिली. ती मागायला कोणीही आले नव्हते. आपण भांड्यांवर नावे घालतो ती भांडी परत यावीत म्हणून. तेराव्या क्रमांकाचा कफगीर नाही, हे त्या गावच्या भांडारात कोणाच्या तरी लक्षात आले असणार. त्याने चौकशी केली असेल, पण ती आपल्याच गावात. आमच्या दोन जमातींच्या मध्ये अशी कोणतीच जागा नव्हती, जिथे जाऊन ‘आमचा एक कफगीर तुमच्याकडे राहिला आहे का’ एवढा साधा प्रश्न विचारता आला असता. रात्रभर तो कफगीर पडवीत भिंतीला टेकून उभा होता आणि झोप येईना म्हणून मी दोनदा उठून त्याच्याकडे पाहून आले.

तो इथे कसा आला ते मात्र मला पक्के आठवत होते. २०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. दिवसभर पाऊस इतका होता की नमाज आटोपून घरी परतणाऱ्या मुलांचे नवे कपडे अंगाला चिकटले होते. रात्री घरोघरी वाटे पोचवून लोक झोपले आणि २२ तारखेच्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. २००५ च्या पुराची खूण ज्यांच्या भिंतीवर होती, त्यांनी त्या खुणेच्या भरवशावर सामान वर ठेवले होते. या वेळी पाणी खुणेच्याही वर गेले. महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल खचला. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. दोन दिवसांनी आम्ही खाली उतरलो तेव्हा गल्ल्यांमध्ये गुडघाभर चिखल, त्यात डिझेलचा तवंग, भिजून फुगलेल्या तांदळाची पोती आणि बंद पडलेल्या फ्रीजमध्ये सडलेले ईदचे मटण. तो वास मी अजून विसरलेले नाही. सणाच्या रात्री वाटून उरलेला वाटा तिसऱ्या दिवशी फावड्याने उचलून खड्ड्यात पुरावा लागतो, हे पाहताना घरातली माणसे बोलत नव्हती.

आमचे गाव डोंगराच्या उतारावर असल्याने आमच्याकडे पाणी आले नाही. जमातीचा हॉल मोकळा होता, विहीर स्वच्छ होती, लाकूड कोरडे होते. पहिल्या दिवशी आमच्याच दोन देगा चढल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुरेनात. मग जवळच्या गावची जमात आपल्या देगा घेऊन टेम्पोने आली, तिच्यामागून आणखी एक, आणि चौथ्या दिवसापर्यंत सात जमातींची भांडी आमच्या हॉलच्या अंगणात मांडलेली होती. काही देगांना नुकतीच कल्हई केलेली, आतून चंद्रासारख्या. काहींचे तळ काजळीने दगडासारखे झालेले. पलीकडच्या गावचे लोक तर होडीतून आले. त्यांच्या तरुणांनी देगेच्या कड्यांत बांबू घालून ती पालखीसारखी खांद्यावर वाहून आणली आणि ते कफगीर हातात काठीसारखे टेकीत चढण चढले. त्या दिवशी खिचडीची वाफ उठली तेव्हा सात गावांच्या माणसांनी एकाच वेळी आपापल्या पद्धतीने मीठ किती असावे यावर मत दिले, आणि कोणाचेच न ऐकता आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या आपांनी मूठ भरून मीठ टाकले. ते बरोबर पडले.

कोणते भांडे कोणाचे याचा घोळ होऊ नये म्हणून नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. निवृत्त होताना एक कोरा हजेरीपट माझ्याजवळ राहिला होता. मुलांच्या नावांच्या जागी मी देगा, झाकणे, परात, कफगीर आणि बादल्या लिहिल्या, आणि रोज संध्याकाळी त्यांची हजेरी घेतली. त्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर हळूहळू दुसरीही एक नोंद सुरू झाली, ती म्हणजे पाकिटे कोणत्या गल्लीत किती गेली त्याची. प्रत्येक जमातीने आपापली यादी आणली होती. याद्या स्वच्छ, अनुक्रमांकासह, कुटुंबप्रमुखाच्या नावाने लिहिलेल्या होत्या. त्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या तेव्हा दिसले की एका आळीत तीन ठिकाणांहून चादरी गेल्या होत्या, कारण त्या आळीतल्या घरांची नाती तीन जमातींत होती. आणि बाजाराच्या मागच्या एका चाळीत काहीच गेले नव्हते. त्या चाळीत बेकरीत काम करणारे, सुतारकाम करणारे, शिलाई करणारे लोक भाड्याने राहत होते, बहुतेक बाहेरच्या प्रांतांतले. ते आमच्याच मशिदीत आमच्या रांगेत उभे राहत. परंतु जमातीची यादी वर्गणीच्या वहीवरून तयार होते, आणि भाडेकरूंची वर्गणी कोणी घेत नाही.

सात याद्यांच्या मधोमध ती चाळ कोरडी राहिली होती, म्हणजे चिखलातच राहिली होती.

हे आम्हांला सांगितले ते कोणत्याही पदाधिकाऱ्याने नव्हे. भांडी घासायला आलेल्या एका मुलीची मावशी त्या चाळीतल्या बायकांकडून दुपट्ट्यांवर जरीकाम करून घेत असे. तिने भांडी घासता घासता मान वर न करता म्हटले, “बाई, मागच्या चाळीत कोन गेला काय?” आम्ही एकमेकींकडे पाहिले. त्या संध्याकाळी पहिली देग तिकडे गेली. नंतरच्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाची इन्सुलिन संपली आहे, कोण मागायला लाजेल पण दिले तर घेईल, ही सगळी माहिती अंगणातल्या नळाशी मिळत होती आणि हॉलमधल्या टेबलावर ती कोणाजवळही नव्हती. टेबलावर पुरुष होते, प्रामाणिक होते, रात्रंदिवस राबत होते. त्यांना आपल्या गावची घरे माहीत होती. दुसऱ्या गावची माहिती त्यांना असण्याचे कारणच नव्हते. बायकांना ती होती, कारण आमच्यातली प्रत्येक बाई जन्मते एका जमातीत आणि मरते बहुधा दुसऱ्या जमातीत.

हे वाक्य लिहिताना माझा स्वतःचा एक जुना सल वर येतो, तो लपवत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात पाहुणे वाढले आणि सासरगावच्या देगा कमी पडल्या. मी माहेरी निरोप पाठवला. माझ्या वडिलांनी जहाजावरच्या नोकरीतून वर्षानुवर्षे ज्या जमातीला पैसे पाठवले होते, तिच्या भांड्यांवर आपला थोडा हक्क आहे असे मला वाटत होते. उत्तर आले ते अतिशय मऊ शब्दांत आले, की भांडी जमातीबाहेर देण्याचा नियम नाही आणि आता तू तिकडची आहेस. इकडे सासरच्या वहीत नाव होते माझ्या पतीचे. ते गेल्यावर ते खोडून कुवेतला असलेल्या मुलाचे लिहिले गेले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. वहीच्या रकान्यांची आखणीच तशी आहे. परंतु दोन जमातींना जोडणारी जी एकच खात्रीची गाठ आहे, ती दोन्ही वह्यांच्या बाहेर राहते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळले. याच तालुक्यातल्या मिरजोळीच्या समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला होता. माझ्या लहानपणी त्यांचे नाव आमच्या घरी आवाज खाली आणून घेतले जाई. त्यांचा प्रश्न कायद्याचा होता, तलाकचा होता, आणि त्यावरून जमातींत किती राग होता ते मी ऐकलेले आहे. माझी गोष्ट त्यापुढे अगदी लहान, एका रकान्याएवढी आहे. तरी ती मला लहान वाटत नाही.

असे असूनही जमातीविषयी मी कडवटपणे लिहू शकत नाही. माझे वडील वारले तेव्हा मी पोचायच्या आत कबर खणून झाली होती. खणणाऱ्यांनी हातपाय धुऊन विहिरीवर चहा घेतला आणि कोणी एक पैसा मागितला नाही. त्याआधीच्या पिढीत, मुंबईला डोंगरीत गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली होती. जहाज लागेपर्यंत तिथे वडील, काका, गावातला कोणीही येऊन पथारी टाकी. भिंतीला खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला एका माणसाची पेटी. वडील सांगत की तिथे झोपताना कुशीवर वळायचे तर शेजाऱ्याला सांगून वळावे लागे. त्या खोलीने आमच्या गावाला वाचवले. परदेशात गेलेले पुढे कुवेतला, दोहाला, केप टाउनला गेले, आणि जिथे गेले तिथे आधी गावच्या जमातीची शाखा काढली, मग राहायला खोली शोधली. माणूस वर्गणी देतो ती आपल्या गावच्या मशिदीच्या पत्र्यासाठी, आपल्या कब्रस्तानाच्या गडग्यासाठी. ‘समस्त समाजासाठी’ म्हणून वही फिरवली तर तोच माणूस खिशात हात घालताना विचार करतो. ही आपुलकी कोती आहे असे म्हणणे मला सोपे वाटत नाही. तिच्याच पोटातून सगळे उभे राहिले आहे. तिच्या अंगणाला फाटक असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुरानंतर फाटकाऐवजी मोठी कमान बांधण्याचा प्रयत्न झाला. सातही जमातींचा मिळून एक महासंघ व्हावा असे ठरले आणि दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत उत्साह होता, नाश्त्याला खिमापाव होता. दुसऱ्या बैठकीत अध्यक्ष कोण, कोणत्या गावचे नाव पत्रावर आधी छापायचे, वर्गणी घरटी की डोईगणिक, असे प्रश्न निघाले. एका वडीलधाऱ्यांनी एक जुना कब्रस्तानाच्या हद्दीचा वाद काढला, तो काढायला नको होता. तिसरी बैठक झाली नाही. हॉलमधल्या पडद्यामागे बसून आम्ही बायका हे ऐकत होतो आणि माझ्या मांडीवर हजेरीपट होता. तो पुढे कोणाकडे द्यायचा हे कोणी विचारले नाही. मी तो कपाटात ठेवला. देगा आपापल्या गावी परत गेल्या, आणि गडबडीत एक कफगीर चटईत गुंडाळला गेला असावा.

आमच्या हॉलशेजारच्या मशिदीत कोकणी पद्धतीने, म्हणजे सुन्नींमधल्या शाफई मताप्रमाणे नमाज होते. बाजारातल्या दुसऱ्या मशिदीत बहुसंख्य लोक हनफी मताचे आहेत. दोघांच्या असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजेच्या, वेळेत साधारण तासाभराचे अंतर असते, कारण सावली वस्तूएवढी झाली की आमची वेळ सुरू होते आणि दुपटीएवढी झाली की त्यांची. लहानपणापासून दुपार कलताना मी दोन अजाना ऐकत आले. पहिली झाली की चुलीवर चहा ठेवायचा आणि दुसरी झाली की गुरे आणायला जायचे, इतका तो आमच्या दिवसाचा भाग होता. पुराच्या दिवसांत दोन्हीकडचे लोक एकाच हॉलमध्ये राबत होते, तेव्हा असरचे काय करायचे यावर कोणी सभा घेतली नाही. पहिल्या वेळेला आमच्यातले उभे राहत आणि तेवढा वेळ बेकरीतली मुले देगा ढवळत. तासाभराने ती मुले उभी राहत आणि आमच्यातले कफगीर हाती घेत. चुलाण दोन्ही वेळा पेटते राहिले. कोणीही आपली सावली दुसऱ्याच्या मापाने मोजली नाही.

१८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तिच्या संस्थापकांत बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन होते, तसेच नाखुदा महंमद अली रोघे होते. तय्यबजी सुलेमानी बोहरा, रोघे आमच्यातले कोकणी. त्यांच्या नमाजेच्या पद्धती वेगळ्या, घरची बोली वेगळी, व्यवसाय वेगळा. ते एकत्र आले ते मुलांच्या शाळेसाठी. बोरीबंदरसमोरची त्या संस्थेची इमारत मी पहिल्यांदा पाहिली ती शिक्षिका झाल्यानंतर, आणि कमानींखालून जाताना मला ती दगडांपेक्षा त्या एका गोष्टीसाठी मोठी वाटली, की इथे आलेल्यांनी आपापले वेगळेपण दारात टाकून देण्याची अट एकमेकांना घातली नसावी. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर २०२० च्या रमजानात, टाळेबंदीत, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने आपल्या जकातीतून, म्हणजे नेमाच्या धार्मिक दानातून, व इतर दानातून ३६ लाख रुपये जमवून तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. त्या खाटांवर कोण झोपेल हे विचारून ते पैसे दिलेले नव्हते. अशा ठिकाणी काम आधी दिसते आणि संघटना त्याच्यामागून येते. आमच्याकडे संघटना आधी येऊन बसली आणि काम बाहेर उभे राहिले.

मागच्या वर्षी मात्र काम स्वतःच दारात येऊन ठाकले. ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारचे ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या दिलेल्या, मालमत्तांची सगळी माहिती सहा महिन्यांत त्यावर भरण्याची वेळ आली. कायद्यातल्या दुरुस्तीविषयी लोकांच्या मनात काय काय होते ते वेगळेच. पण कागद तर काढायचेच होते. मशिदींच्या कपाटांतून पत्र्याच्या पेट्या निघाल्या. त्यांत कसरीने खाल्लेले दस्त, मोडी लिपीतल्या सनदा, धर्मादाय आयुक्तांकडची जुनी नोंदणी, सातबाराचे पिवळे उतारे. प्रत्येक मुतवल्ली, म्हणजे या मालमत्तांचा कारभारी, आपापली पिशवी घेऊन वेगवेगळ्या सायबर कॅफेत रांगेत उभा राहिला आणि प्रत्येकाला तोच प्रश्न पडला. माझी एक जुनी विद्यार्थिनी संगणकावरचे काम करते. तिने स्वतःच्या गावचा अर्ज कसाबसा पुरा केला, तेव्हा शेजारच्या गावच्या एका वृद्ध मुतवल्लींनी तिला गाठले. त्यांच्यामागून आणखी दोघे आले. अखेरीस तिच्या घरच्या ओटीवर पाच जमातींच्या पेट्या एका रांगेत लागल्या.

मी तिला मोडी वाचून द्यायला जात असे. मला ती वडिलांनी शिकवली होती. त्या ओटीवर मी जे पाहिले ते दोन बैठकांच्या हॉलमध्ये पाहिले नव्हते. एका गावच्या कब्रस्तानाचा सातबारा अजून कोणा एका मृत इसमाच्या नावावर होता आणि तिथले लोक घाबरून गेले होते. दुसऱ्या गावचे मुतवल्ली शांतपणे म्हणाले, “आमचापन तसाच होता. तलाठ्याकडे आधी जाऊ नका, आधी जुना फेरफार काढा.” त्यांना त्यासाठी तीन वर्षे खेपा घालाव्या लागल्या होत्या, आणि ही गोष्ट चार किलोमीटरवरच्या गावाला ठाऊक नव्हती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच लागलेली मागच्याला दिसली तरच तो शहाणा होणार. प्रत्येक गाव स्वतंत्र वाटेने चालले तर सगळ्यांच्याच अंगठ्यांना ठेचा लागतात. त्या ओटीवर अध्यक्ष नव्हता, पत्रावर कोणाचे नाव नव्हते. एक मुलगी होती, तिचा स्कॅनर होता आणि चहाची किटली होती. तिचे नावही कोणत्याच जमातीच्या वहीत नाही, हे मी मनात मोजले.

तिने प्रत्येक गावच्या कागदांची एक साधी यादी करून पाचही जणांना दिली, आपल्या गावची आणि इतर चार गावांचीही. एकाने संकोचून विचारले की आमचे कागद दुसऱ्यांनी का पाहावेत. ती म्हणाली, “चाचा, उद्या तुमच्या पेटीला कसर लागली तर सांगेल कोण?” त्यांनी यादी घडी करून शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवली. रक्तदात्यांची यादी अशी होऊ शकेल, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या तारखा अशा एकमेकांना सांगता येतील, एका जमातीची रुग्णवाहिका उभी असताना दुसऱ्या गावचा रुग्ण रिक्षातून जाणार नाही, असे मला तिथे बसून वाटत राहिले. त्यासाठी कोणाला कोणात विलीन व्हावे लागत नाही. वर्गणी आपापली राहू दे, देगांवरचा शिक्का आपापला राहू दे. फक्त कोणाकडे काय आहे आणि काय नाही, हे सगळ्यांच्या हाती असावे. आणि ते लिहिणाऱ्या हातांत बायकांचे हात असावेत, कारण मागच्या चाळीत कोण राहते हे त्यांना ठाऊक असते.

कफगीर सापडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तो चिंचेने घासला, खोबरेल तेलाचा हात दिला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि पलीकडच्या गावी निघाले. वडाप रिक्षात तो मावेना. चालकाने तो टपावर आडवा बांधला. खाडीच्या पुलावर गाडी आली तेव्हा ओहोटी होती. चिखलावर बगळे उभे होते आणि खारफुटीचा तो ओला, किंचित कुजका वास सगळीकडे भरला होता. या वासाने अजून माझ्या छातीत क्षणभर धडधडते. सोबत मी हजेरीपटही घेतला होता, का ते मला नीट सांगता येणार नाही.

त्यांच्या जमातीच्या हॉलमागे भांडारखोली आहे. भांडारी सत्तरीच्या पलीकडचे, जहाजावर काम केलेले, उजव्या हाताची दोन बोटे अर्धी. त्यांनी चादर सोडली, दांडा फिरवून आकडा पाहिला आणि काही न बोलता आत जाऊन एक जाड वही आणली. बोटाने ओळी चाळत ते तेराव्या क्रमांकाशी थांबले. तिथे लिहिले होते, ‘पुरात गेला’. त्या नोंदीखाली त्यांची सही होती. “मी तर वाहून गेला असा लिवून मोकला झालो,” ते म्हणाले. मी म्हटले की तो वाहून गेला नव्हता, कोरड्या माळ्यावर होता. चूक माझी होती. त्यांनी मान हलवली आणि मला बसायला मोडा दिला. खोलीत तांब्याचा, कल्हईचा आणि जुन्या तेलाचा वास होता. भिंतीशी अकरा देगा उलट्या मांडून ठेवल्या होत्या.

मी मनात ठरवून आलेली गोष्ट मग बोलले. रमजानात मागच्या चाळीत, जिथे त्या वेळी कोणी गेले नव्हते, आम्ही काही बायका मिळून दर शुक्रवारी इफ्तारचे जेवण करणार आहोत. चाळीतल्या बायका आहेत, आमच्या गावच्या आहेत, माझ्या माहेरच्या दोघी आहेत. आमच्या जमातीच्या देगा त्या दिवशी मशिदीतल्या इफ्तारला लागतात. तुमची एक देग महिनाभर मिळेल काय? ते बराच वेळ गप्प राहिले. जमातीबाहेर भांडी देण्याचा नियम त्यांच्याकडेही नसणार हे मला माहीत होते आणि नकार आला तर तो कसा येईल तेही मला माहीत होते. बाहेर असरची अजान झाली. त्यांनी ती पूर्ण होईपर्यंत हात जोडल्यासारखे एकमेकांवर ठेवले, मग उठून चौथ्या क्रमांकाची देग सुलटी केली, आत बोट फिरवून कल्हई पाहिली आणि म्हणाले, “हा कफगीरपन परत घेऊन जा. देगेला लागेल.”

मग त्यांनी वहीचे नवे पान उघडले आणि चश्मा कपाळावरून खाली ओढला. पहिला रकाना वस्तूचा. देग एक, क्रमांक चार; झाकण एक; कफगीर एक, क्रमांक तेरा. दुसरा तारखेचा. तिसरा नेणाऱ्याच्या नावाचा. तिथे त्यांनी मला माझे नाव विचारले आणि वडिलांचे किंवा पतीचे न विचारता जसे सांगितले तसे लिहिले. चौथा रकाना जमातीचा होता. त्यांचे पेन तिथे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना माझ्या माहेरचे गाव सांगितले, सासरचे सांगितले, आणि चाळीचेही सांगितले. त्यांनी तीनही ऐकून घेतले, रकाना तसाच कोरा ठेवला आणि वही माझ्याकडे फिरवून पेन पुढे केले.